मायक्रोमीटर वाचताना अर्धा मिलिमीटर कुठे जातो?

अकरावी-बारावीच्या लॅबमध्ये स्क्रू गेज सगळ्यांनीच फिरवलेला असतो, त्यामुळे वर्कशॉपमधला मायक्रोमीटर बघून वाटतं हे तर येतंच आपल्याला. पण लॅबमधल्या गेजचा पिच (म्हणजे एका फेऱ्यात स्क्रू जितका सरकतो ते अंतर) बऱ्याचदा १ मिमी असतो आणि गोल स्केलवर १०० भाग, वर्कशॉपमधल्या मेट्रिक मायक्रोमीटरचा पिच असतो ०.५ मिमी आणि थिंबलवर, म्हणजे फिरणाऱ्या नळीवर, भाग ५०. लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) दोन्हीकडे ०.०१ मिमीच येतो, फक्त इथे पूर्ण एक मिमी सरकायला थिंबलचे दोन फेरे लागतात, आणि सगळा घोळ तिथेच आहे. कारण थिंबलवर २८ दिसले तर ते पहिल्या फेऱ्यातले की दुसऱ्या, हे थिंबल सांगत नाही, ते स्लीव्हवरच्या (थिंबलच्या आतल्या, न फिरणाऱ्या नळीवरच्या) अर्ध्या मिमीच्या रेघेवरून कळतं.

म्हणजे समजा ७ ची रेघ दिसतेय, त्यानंतरची अर्ध्याची रेघ पण बाहेर आलीय आणि थिंबलवर २८, तर ७ + ०.५ + ०.२८ = ७.७८ मिमी. अर्ध्याची रेघ विसरलात तर ७.२८, जॉब (बनवत असलेला भाग) थेट भंगारात.

आता याच्यापेक्षा बेरकी केस. तीच ७ ची रेघ, थिंबलवर ४८ आहे आणि अर्ध्याची रेघ किंचित डोकावतेय, धरायची की नाही? नाही धरायची! रेघेला स्वतःची जाडी असते म्हणून ती फेरा पूर्ण व्हायच्या आधीच दिसायला लागते, थिंबलचा शून्य स्लीव्हवरच्या आडव्या रेघेला पोचलेला नाही म्हणजे फेरा अजून संपलेला नाही, माप ७.४८ आहे, ७.९८ नाही. माझ्या मते शिकवताना हे सगळ्यात आधी सांगायला हवं पण सांगतात सगळ्यात शेवटी.

झिरो एरर तर बघायचाच. तोंड बंद केल्यावर ०.०२ दाखवत असेल तर मापातून वजा करा, उलट शून्याच्या पुढे जाऊन ४८ वर थांबत असेल तर ०.०२ मिळवा. आणि घट्ट करायचं ते रॅचेटने (थिंबलच्या टोकाची छोटी मूठ, ठरावीक दाब आला की ती नुसतीच फिरते), थिंबल पिळून नाही, रॅचेटमुळे दाब दरवेळी साधारण सारखा राहतो.

अजून एक गोष्ट म्हणजे तापमान. मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात आणि स्टील दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) वाढतं, त्यामुळे लेथवरून नुकताच काढलेला ५० मिमी व्यासाचा शाफ्ट ४० अंशाला असेल तर तो जवळपास १२ मायक्रॉन जाड दिसणार, म्हणजे थिंबलवरचा एक भाग आणि वर थोडं. मायक्रोमीटरच्या फ्रेमवर जे प्लास्टिकचं कव्हर असतं ना, ते शोभेसाठी नाही, हाताची ऊब फ्रेमला लागू नये म्हणून आहे, धरायचं तिथेच.