मुलाची शुगर वाढलेली निघाली: टाइप १ की मोडी?

दहा-बारा वर्षांच्या मुलाची शुगर वाढलेली निघाली की टाइप १ मधुमेह असं निदान होतं आणि इन्सुलिन सुरू होतं. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण काही मुलांचा मधुमेह एकाच जनुकातल्या बदलामुळे झालेला असतो. त्याला मोडी म्हणतात. दोन्हीकडे वय लहान, अंगकाठी बारीक, म्हणून गफलत होते.

टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच उलटते. बघता बघता मूल वाळतं, सारखं पाणी मागतं, रात्री पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं. उलट्या आणि धाप लागली तर त्याच तासाला दवाखाना गाठायचा. अशा बहुतेक मुलांच्या जवळच्या नात्यात टाइप १ कुणालाच नसतो.

मोडी मात्र पिढी दर पिढी उतरतो. आई किंवा वडिलांपैकी एकाला असला, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. आपल्याकडे घोटाळा होतो तो इथेच. "शुगर तर आमच्याकडे सगळ्यांनाच आहे," असं सांगून लोक मोकळे होतात, आणि टाइप २ इतका पसरलाय की ते खरंही असतं. म्हणून विचारायचं ते असं: आजीला शुगर कितव्या वर्षी निघाली? तेव्हा त्या बारीक होत्या का? वडिलांचं इतकी वर्षं नुसत्या गोळ्यांवर भागतंय का? तीन पिढ्यांत पंचविशीच्या आत सडपातळ माणसांना मधुमेह झालेला दिसला, तर मोडीची शंका घ्यायलाच हवी.

ही शंका घेणं मला फार मोलाचं वाटतं, कारण उपचारच बदलतात. जीसीके जनुकातल्या मोडीत उपाशीपोटीची शुगर साधारण १०० ते १४५ च्या दरम्यान वर्षानुवर्षं स्थिर राहते. गरोदरपण सोडलं तर सहसा औषधच लागत नाही. एचएनएफ१ए जनुकातल्या मोडीत शुगर वयाबरोबर चढत जाते, डोळे आणि किडनीला धोकाही असतो. पण ग्लिक्लाझाइडसारख्या गोळीच्या लहान डोसने ती छान उतरते आणि अनेकांचं इन्सुलिन सुटतं.

तपासणीत आधी रक्तातल्या जीएडी, आयए-२, झेडएनटी८ या अँटीबॉडीज, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटल्याच्या खुणा, पाहतात. त्या सापडल्या तर कौल टाइप १ कडे. सी-पेप्टाइडवरून शरीर स्वतःचं इन्सुलिन किती बनवतंय ते कळतं. मात्र टाइप १ च्या सुरुवातीच्या काळातही ते बऱ्यापैकी येऊ शकतं, इन्सुलिनची गरज काही महिने घटते, आणि घरच्यांना आजार बरा झाल्यासारखं वाटतं. निदानाला तीन वर्षं झाल्यावरही सी-पेप्टाइड चांगलं असेल तर मोडीची शंका बळावते. मग जनुक चाचणी. ती चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनमध्ये होते. तिचा निकाल हाती येऊन डॉक्टर सांगेपर्यंत इन्सुलिनचा एकही डोस चुकवायचा नाही. टाइप १ असेल तर ते जिवावर बेततं.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मधुमेह झाला, तर तो टाइप १ जवळजवळ कधीच नसतो, आणि मोडीही सहसा नसतो. तो नवजात मधुमेह. तिथे जनुक चाचणी लगेच पाठवतात, कारण केसीएनजे११ जनुकात बदल सापडलेल्या बहुतेक बाळांना इन्सुलिनवरून ग्लिबेनक्लामाइडच्या गोळीवर आणता येतं.