मर्मस्थाने (आखाड्यातील शिक्षण)

मर्मस्थाने : शरीरावरील ज्या जागी बेताच्या आघातानेही मृत्यू, कायमचे व्यंग किंवा तीव्र वेदना ओढवते, त्या जागा. कुस्ती, लाठीकाठी आणि दांडपट्टा शिकवताना त्यांची ओळख करून दिली जाते. येथे विदर्भातील गावआखाड्यांच्या संदर्भात विचार केला आहे.

कल्पना जुनी आहे. ऋग्वेदातील युद्धसूक्तात (६.७५) ‘मर्माणि ते वर्मणा छादयामि’, तुझी मर्मे चिलखताने झाकतो, असे योद्ध्याला उद्देशून म्हटले आहे. तपशीलवार मांडणी मात्र सुश्रुतसंहिता या आयुर्वेदातील ग्रंथाच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीररचनेच्या भागात (अध्याय ६) मिळते. संहितेचा काळ वादग्रस्त आहे. गाभा इसवी सनापूर्वीचा आणि आजचे रूप नंतरच्या काही शतकांतील संस्करणांचे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तीत १०७ मर्मे आहेत : हातापायांत ४४, पोट व छातीत १२, पाठीत १४ आणि मानेपासून वर ३७. घटकानुसार मांस ११, सिरा (रक्तवाहिन्या) ४१, स्नायू (आजच्या अर्थाचे नव्हे, तर अस्थिबंध व कंडरा) २७, अस्थी ८ व संधी (सांधे) २०. परिणामानुसार सद्यःप्राणहर (लगेच मृत्यू आणणारी) १९, कालांतरप्राणहर (काही काळाने मृत्यू आणणारी) ३३, विशल्यघ्न ३, वैकल्यकर (व्यंग आणणारी) ४४ आणि रुजाकर (वेदना देणारी) ८. विशल्यघ्न म्हणजे रुतलेले शल्य आत आहे तोवर माणूस जगतो, उपसले की दगावतो अशी जागा. प्रत्येक मर्माचे माप अंगुळांत दिले आहे : मनगट व घोटा दोन, गुडघा व कोपर तीन. आयुर्वेदाचा दुसरा आचार्य चरक याने शिर, हृदय व बस्ती (मूत्राशय) या तिघांना प्रधान मानले. मर्मांच्या तमिळ परंपरेत, म्हणजे ‘वर्म’ परंपरेत, संख्या १०८ होते.

आखाड्यातील ज्ञान या ग्रंथातूनच उतरले, असे अनेक जण गृहीत धरतात. ते सिद्ध करणे कठीण आहे. सुश्रुताची यादी बाण, भाला व शस्त्रकर्म यांच्या, म्हणजे मुख्यतः भेदक जखमांच्या अनुभवातून आलेली दिसते. अंगठा व तर्जनी यांमधल्या ‘क्षिप्र’ मर्माला इजा झाल्यास आक्षेप (झटके) येऊन मृत्यू होतो, असे तो सांगतो. काही आधुनिक अभ्यासक याचा संबंध धनुर्वाताशी जोडतात. लाठी बोथट असते, त्यामुळे आखाड्यात या जागेला महत्त्व नाही. उलट हनुवटी व पानथरी (प्लीहा) यांना वस्ताद जपतात, आणि त्या १०७ मध्ये नाहीत. तेव्हा आखाड्याची यादी अनुभवातून बनली आणि संस्कृत नावे तिच्यावर पुढे बसवली गेली, हे मत जास्त पटते.

विदर्भात अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने (स्थापना १९१४) देशी व्यायामाला संस्थेचे रूप दिले; त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी प्रात्यक्षिके केली. गावांत शिक्षण तोंडीच चालते आणि क्रम उलटा असतो : आधी बचाव, मग जागा, वार शेवटी. तमाचा (समोरच्याचे डावे कानशील), बाहेरा (उजवे) व शीर (टाळू) हे लाठीचे प्राथमिक वार डोक्याकडेच जातात, म्हणून ते काठीवर झेलणे पक्के झाल्याशिवाय जोड लावत नाहीत. सरावात टोकाला चिंध्या गुंडाळतात आणि वार अंगापासून वीतभर आधी थांबवतात. मेळघाट-गडचिरोलीकडचा भरीव नर बांबू वजनदार असल्याने शिकाऊ मुलाला तो वेळेत आवरत नाही. त्याच्या हाती हलकी, पोकळ काठी द्यावी.

सर्वांत फसवी जागा कानशील. तिथले हाड पातळ असून आतल्या बाजूने धमनी जाते. मार लागलेला मुलगा काही क्षण भोवंडून उठतो, पाणी पितो, बोलतो. कवटीत रक्त साचत गेले की काही तासांनी बेशुद्ध होतो. झोप, उलटी किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे ही धोक्याची खूण. अशा मुलाला ‘पडू द्या जरा’ म्हणून झोपवणे ही नेहमीची चूक आहे. गळ्याच्या दोन्ही बाजू एकदम दाबल्यास दहाएक सेकंदांत शुद्ध जाऊ शकते, म्हणून कुस्तीच्या दंगलीत गळा आवळण्यास मनाई असते. छातीच्या हाडाखालच्या खळग्यात बसलेल्या ठोशाने श्वास अडकतो, पण बहुधा मिनिटभरात परततो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या मानेशी मार बसला तर पाऊल लोंबते.

पानथरीचा धोका या भागात विशेष. ती डाव्या खालच्या बरगड्यांआड असते. हिवतापाने ती वाढते, आणि गडचिरोलीत हिवताप जुना आहे. पूर्व विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारातही लहान मुलांची पानथरी मोठी होते. वाढलेली पानथरी बरगड्यांच्या आडोशातून खाली उतरते आणि हलक्या लाथेनेही फाटू शकते. वारंवार ताप येणाऱ्या किंवा सिकलसेलग्रस्त मुलाला जोडीत उतरवू नये. मारानंतर डाव्या खांद्यात कळ, पोट कडक होणे आणि घाम फुटणे दिसल्यास रुग्णालय गाठावे. पोट चोळू नये.

उपचार परंपरेने हाडवैद्याकडे. मुक्या मारावर आंबेहळदीचा लेप लावतात. अस्थिभंगावर बांबूच्या कामट्या बांधतात, पण सूज येणार हे धरून बांध सैल ठेवावा लागतो. कोपराजवळ करकचून बांधल्यास रक्तपुरवठा तुटतो आणि बोटे कायमची आखडतात. बोटे निळसर, गार किंवा बधिर वाटली की बांध लगेच सोडावा.