पार्श्वभूमी : सॅम्युएल डिलेनी आणि आपली विज्ञानकथा

मुंबईत मराठी विज्ञानकथेचा विषय निघाला की गाडी १९७४ वर येतेच. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने आलेली कथा पहिली ठरली. आद्याक्षरं उलटी लावली की जयंत विष्णू नारळीकर! हा किस्सा आपल्याला पाठ आहे. पण तोवर अमेरिकेत विज्ञानकथेचे चार नेब्युला पुरस्कार मिळवून बसलेल्या सॅम्युएल डिलेनी यांचं नाव आपल्या गप्पांत क्वचित येतं. ते कृष्णवर्णीय आणि समलिंगी, आणि या दोन्ही गोष्टी त्यांच्या लेखनाच्या गाभ्यात आहेत.

जन्म १९४२चा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. तळमजल्यावर वडिलांचा अंत्यसंस्कारांचा व्यवसाय, वर बिऱ्हाड. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले, पुढे बिशप झालेले. १९६१ साली कवयित्री मॅरिलिन हॅकर यांच्याशी लग्न झालं. डिलेनी समलिंगी आहेत हे दोघांनाही ठाऊक होतं. पुढच्याच वर्षी, विसाव्या वर्षी, पहिली कादंबरी.

'नोव्हा' (१९६८) या कादंबरीच्या नायकाची आई सेनेगलची. 'अ‍ॅनालॉग' मासिकाचे संपादक जॉन कॅम्बेल यांनी ती क्रमशः छापायला नकार दिला. काळा नायक आपल्या वाचकांना जवळचा वाटणार नाही, असं त्यांनी एजंटला कळवल्याचं डिलेनींनी पुढे लिहिलं. आकाशगंगा ओलांडणारी जहाजं चालत होती, कप्तानाचा रंग चालत नव्हता.

मला सगळ्यात जवळची वाटते ती 'आय, अँड गोमोरा' (१९६७). त्यात अंतराळवीरांना वयात येण्याआधीच लिंगहीन केलं जातं. पृथ्वीवर काही माणसं नेमकी त्यांच्यासाठीच झुरतात, कारण अंतराळवीर उलट झुरू शकत नाहीत. इस्तंबूलमध्ये एक तरुणी अशा एकाला घरी नेते, आणि दोघांची भूक एकमेकांपर्यंत पोचत नाही. रोज सोबत चहा पिणाऱ्या मित्राला मनातलं सांगू न शकलेल्या कुणालाही ही कथा कळेल.

१९८५च्या एका पुस्तकात त्यांनी कोल्हारी या काल्पनिक प्राचीन शहरातली साथ आणि एड्सच्या काळातलं न्यूयॉर्क शेजारी-शेजारी ठेवलं. आपल्याकडे समलिंगींचं 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक निघालं १९९० साली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७चा फास सैल झाला ६ सप्टेंबर २०१८ला. मराठीत विज्ञानकथेवर बराच काळ विज्ञानप्रसाराची जबाबदारी होती. त्या कामाचं मोल मोठंच आहे, पण त्यात शरीर आणि इच्छा बाहेर राहिल्या असं मला वाटतं.

'गोमोरा' दिवाळी अंकात सहज मावेल. मराठीत आणताना खरी अडचण एका शब्दाची आहे. अंतराळवीरांसाठी झुरणाऱ्यांना कथेत 'फ्रेल्क' म्हणून हिणवतात. हा शब्द डिलेनींनी घडवलेला. आपल्याकडच्या तयार शिव्या इथे चालणार नाहीत, त्या आधीच कुणाच्या तरी अंगावर पडलेल्या आहेत. नवा शब्दच घडवावा लागेल.