प्रत्येक पोराला एकेक, की दोघांत एक?

चैत्रात आमच्या गावच्या जत्रेला मुंबईकर मंडळी जमली आणि देवळामागच्या पारावर विषय निघाला की यंदा शाळेसाठी काहीतरी करूया. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी मिळून 34 पोरं, एक सर आणि एक बाई. वर्गणी बरी जमली होती म्हणून कोणीतरी म्हणालं सगळ्या पोरांना एकेक टॅब देऊन टाकू, एकाचंही तोंड बारीक व्हायला नको, आणि लगेच सगळ्यांच्या माना हलल्या. मी कॉम्प्युटरच्या कामात आहे म्हणून मला विचारलं, "कुठल्या कंपनीचा घ्यायचा तेवढं सांग." मी म्हटलं मला पंधरा दिवस द्या, कारण कंपनीच्या आधीचाच प्रश्न मला पडला होता, की प्रत्येकाच्या हातात एक मशीन दिल्याने पोरांना गणित जास्त येतं का? हे कोणी मोजून बघितलंय का?

तर मोजलंय, आणि चांगलं मोजलंय.

ही कल्पना जगभर गाजली ती 2005 मध्ये. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबचे निकोलस नेग्रोपाँटे यांनी जाहीर केलं की गरीब देशांतल्या प्रत्येक मुलासाठी 100 डॉलरचा लॅपटॉप बनवायचा. मागे तिथलेच गणितज्ञ सिमोर पॅपर्ट यांचा विचार होता, की मूल स्वतः काहीतरी बनवताना सगळ्यात चांगलं शिकतं आणि कॉम्प्युटर हे त्याला सगळं काही बनवू देणारं खेळणं आहे. मशीन खरंच सुंदर होतं, हिरवं-पांढरं, दोन बाजूंना कानासारखे वाय-फायचे अँटेना, आणि त्याचा स्क्रीन तर मला अजूनही कमालीचा वाटतो. आपल्या नेहमीच्या लॅपटॉपला मागून दिवा लागतो, म्हणून उन्हात नेला की त्यावर काही दिसत नाही. या स्क्रीनला मागचा दिवा बंद करून बाहेरच्या उजेडाचंच परावर्तन वापरता यायचं, म्हणजे झाडाखाली शाळा भरली तरी अक्षरं स्वच्छ काळी-पांढरी दिसायची आणि बॅटरीही वाचायची. किंमत मात्र 100 डॉलरवर आलीच नाही, 2007 च्या शेवटी बाजारात आला तेव्हा 180 च्या पुढे होती.

भारत सरकारने 2006 मध्येच याला नकार दिला होता, शिक्षण खात्याचं म्हणणं होतं की आम्हाला आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत. तरी 2007 मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट गावात एकशिक्षकी शाळेतल्या वीस-बावीस मुलांना हे लॅपटॉप मिळाले होते. पण इतक्या कमी मुलांवरून निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी पेरूला जावं लागतं.

पेरू देशाने 2008 पासून आठ लाखांच्या वर लॅपटॉप घेतले, सुरुवातीला खेड्यापाड्यांतल्या शाळांसाठी. संशोधकांनी तिथल्या 319 शाळा अभ्यासल्या आणि कुठल्या शाळांना आधी लॅपटॉप मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं गेलं होतं. हे चिठ्ठी टाकणं फार महत्त्वाचं आहे. नाहीतर काय होतं, हुशार मुख्याध्यापक धडपड करून आधी लॅपटॉप मिळवतात, त्यांची शाळा आधीपासूनच चांगली असते आणि मग आपण म्हणतो बघा लॅपटॉपमुळे निकाल सुधारला. चिठ्ठी टाकली की दोन्ही बाजूच्या शाळा सरासरीने सारख्या राहतात, मग पुढे जो फरक पडेल तो लॅपटॉपचाच.

सव्वा वर्षानंतर बघितलं तर लॅपटॉपच्या शाळांमध्ये 100 मुलांमागे 118 मशीन झाली होती, बाकीच्या शाळांत 12. पोरं मशीन वापरतही होती. आणि गणित आणि भाषेच्या परीक्षेत फरक? शून्याच्या आसपास. आकृत्यांचे क्रम ओळखायच्या आणि विचार करायच्या चाचण्यांमध्ये थोडा चांगला परिणाम दिसला, साधारण पाच महिन्यांच्या वाढीएवढा, तो खोटा म्हणायचं कारण नाही. पण पुढे त्याच कार्यक्रमातल्या मुलांना सुमारे दहा वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हाही अभ्यासात काही फायदा सापडला नाही.

असं का झालं याचं उत्तर मशीनमध्ये नाही, वर्गात आहे. शिक्षकांना लॅपटॉप चालू कसा करायचा हे शिकवलं होतं, पण अपूर्णांक शिकवताना त्याचं काय करायचं हे फारसं कोणी सांगितलं नव्हतं. इंटरनेट जवळजवळ कुठेच नव्हतं. बऱ्याच शाळांत मोडेल-हरवेल या भीतीने मुलांना घरी नेऊ दिलं नाही. म्हणजे दप्तरात एक वस्तू वाढली, शिकवणं तेच राहिलं. रोमानियात तर सरकारने गरीब कुटुंबांना घरी कॉम्प्युटर घ्यायला 200 युरोची कुपनं दिली, तिथे मुलांचं कॉम्प्युटरचं ज्ञान वाढलं आणि शाळेतले मार्क मात्र खाली आले, कारण गेममध्ये जाणारा वेळ अभ्यासातून कापला गेला.

इथपर्यंत वाचून मी जवळजवळ ठरवलं होतं की पारावर जाऊन सांगायचं, टॅब नको, वाचनालय करा. मग गुजरातचे अभ्यास हाती आले आणि माझं मत बदललं.

वडोदरा महापालिकेच्या शाळांना 2000 च्या सुमारास सरकारकडून शाळेमागे चार-चार कॉम्प्युटर मिळाले होते आणि बऱ्याच ठिकाणी ते तसेच पडून होते. (हे वाचताना मला आमच्या शाळेची ती बंद खोली आठवली, पुढे सांगतो.) 'प्रथम' नावाच्या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने चौथीच्या मुलांसाठी तिथे गणिताचे खेळ सुरू केले. आठवड्याला दोन तास, एक तास शाळेच्या वेळात आणि एक तास शाळेच्या आधी किंवा नंतर, आणि एका कॉम्प्युटरवर दोन मुलं. बस, एवढंच. मुलाला जमेल तसं गणित अवघड होत जायचं. पहिल्या वर्षी गणिताच्या गुणांत 0.35 प्रमाण विचलनाची वाढ झाली, दुसऱ्या वर्षी 0.47. हा आकडा कसा समजून घ्यायचा? 100 मुलं गणिताच्या मार्कांप्रमाणे रांगेत उभी करा. 0.35 म्हणजे बरोबर मधे उभं असलेलं मूल तेरा-चौदा जणांना मागे टाकून पुढे सरकतं. आठवड्याला दोन तासांत, आणि तेही अर्ध्या कॉम्प्युटरवर. खेळ बंद झाल्यावर वर्षभरात यातला बराचसा फायदा विरला हेही सांगायला हवं, सराव सुटला की गणित सुटतं हे आपल्या सगळ्यांना माहितीच आहे.

दुसरा अभ्यास याहून जास्त शिकवून जातो. गुजरातमध्येच ज्ञानशाला नावाच्या संस्थेच्या शाळांत दुसरी-तिसरीच्या मुलांना गणिताचं एकच सॉफ्टवेअर दोन प्रकारे दिलं. काही शाळांत बाई शिकवतात त्या वेळातून तास काढून मुलं कॉम्प्युटरवर बसवली, काही शाळांत शाळा सुटल्यावर जास्तीचा वेळ दिला. सॉफ्टवेअर तेच, मशीन तीच. शाळेतला तास कापून दिलं तिथे मुलं चक्क मागे पडली, त्याच मापात 0.57 ने, आणि जास्तीचा वेळ दिला तिथे 0.28 ने पुढे गेली. त्या शाळांतल्या शिक्षिका चांगलं शिकवत होत्या, त्यांचा तास काढून घेतला की तोटा होणारच. मला वाटतं शाळेत कॉम्प्युटर द्यायच्या प्रत्येक ठरावाच्या आधी हे मोठ्याने वाचून दाखवावं.

आता हे नेमकं काम कशामुळे करतं? दिल्लीत 2015 मध्ये सहावी ते नववीच्या सहाशेच्या वर मुलांवर असाच अभ्यास झाला. पोरं शाळेनंतर एका केंद्रात जायची, पाऊण तास कॉम्प्युटर आणि पाऊण तास छोट्या गटात ताई-दादांकडे अभ्यास. साडेचार महिन्यांत गणितात 0.37 आणि हिंदीत 0.23 ची वाढ. पण त्या अभ्यासात त्याहून अस्वस्थ करणारी एक गोष्ट होती, सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. पुस्तक सहावीचं, सर शिकवतात सहावीचं आणि पोर अडकलंय तिसरी-चौथीत. अशा पोरासाठी वर्गात बसणं म्हणजे नुसतं बसणं. वर्गातल्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यातल्या मुलांची वर्षभर शाळेत जाऊनही जवळजवळ काहीच प्रगती झालेली नव्हती, हे वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही.

एक उदाहरण देतो. 52 वजा 27. पुष्कळ पोरं याचं उत्तर 35 लिहितात. चुकलं म्हणून लाल फुली पडते आणि पोर "ढ" ठरतं. पण नीट बघा, त्याने 7 मधून 2 काढले आणि 5 मधून 2 काढले, म्हणजे मोठ्यातून लहान वजा करायचं हा त्याने स्वतः बनवलेला नियम आहे आणि तो त्याने बिनचूक वापरलाय. त्याला वजाबाकी येते, दशक सुटा करून हातचा घ्यायचा हे कळलेलं नाही. त्याला अजून पन्नास वजाबाक्या दिल्या तर तो पन्नास वेळा तेच करेल. चांगलं सॉफ्टवेअर काय करतं, दोन-तीन उत्तरांवरून ओळखतं की चूक या जातीची आहे, आणि त्याला मागे नेतं, दहा-दहा काड्यांच्या पाच मोळ्या आणि दोन सुट्या काड्या दाखवतं आणि म्हणतं यातल्या सात काढ बघू. मोळी सोडल्याशिवाय सात निघत नाहीत. तिथे पोराला उमगतं. आमच्या बाईही हेच करतात आणि कुठल्याही मशीनपेक्षा चांगलं करतात, पण बाई दोन इयत्ता एकाच खोलीत शिकवतात, प्रत्येकाची चूक कुठल्या जातीची हे बघायला त्यांना वेळ कुठून मिळणार. मशीनची किंमत इथे वसूल होते.

एका मशीनवर दोघं यात मला तडजोड वाटत नाही. मी पुतणीला आणि तिच्या मैत्रिणीला माझ्या लॅपटॉपवर असाच एक गणिताचा खेळ दिला होता. एकीने 35 टाइप केलं आणि दुसरीने तिचा हात धरला, "थांब गं, दोनातून सात कसे जातील?" "मग सातातून दोन." "तसं नसतं, वरचा आकडा आपल्याकडे आहे, खालचा द्यायचाय, दोन रुपये आहेत तर सात कसे देशील?" मग दोघी गप्प. मग पहिली हळूच म्हणाली, "पन्नासची नोट मोडूया." मी खोलीत होतो, एक शब्द बोललो नाही. एकटी असती तर तिने चूक बघून पुढचं बटण दाबलं असतं. दोघींना एकमेकींना पटवून द्यावं लागलं, आणि पटवून देताना आपलं आपल्याला कळतं.

वर्गात प्रत्येकाच्या पुढ्यात उघडा स्क्रीन असला की लक्षाचं काय होतं याचाही अभ्यास आहे. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत ज्या वर्गांना लॅपटॉप-टॅब वापरायची मोकळीक होती त्यांचे मार्क बंदी असलेल्या वर्गांपेक्षा सुमारे 0.18 ने कमी आले. ती तर शिस्तीत वाढलेली, नंबरावर नोकरी ठरणारी मोठी मुलं. आपली दहा वर्षांची पोरं काय करतील?

हे सगळं असलं तरी "प्रत्येकाला एक" म्हणणाऱ्यांचं एक म्हणणं मला मनापासून पटतं. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आमच्या गावात घरात एकच मोबाईल, तो बाप कामावर घेऊन जाणार, आणि तीन भावंडांची शाळा त्या मोबाईलवर. ज्या घरात मशीन होतं ते पोर शिकलं, बाकीची गुरांमागे गेली. उरुग्वे देशाने 2009 पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला होता, त्यानेही गणिताचे मार्क वाढले नाहीत, पण त्याच योजनेतल्या इंटरनेटच्या जाळ्यावर त्यांनी पुढे जिथे इंग्रजीचे शिक्षक नव्हते त्या वर्गांत दूरच्या शिक्षकांकडून व्हिडिओवर इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. समान हक्क म्हणून एकेक द्यायचा असेल तर जरूर द्यावा, फक्त त्याने आपोआप गणित येईल असं पोरांच्या आईबापांना सांगू नये.

पारावर मी हे सगळं सांगितलं तेव्हा सगळ्यात आधी आमच्या शाळेची बंद खोली उघडायला लावली. आठ वर्षांपूर्वी मिळालेले तीन कॉम्प्युटर, वर फुलाफुलांची शिवलेली कव्हरं, आत कीबोर्डची वायर उंदरांनी कुरतडलेली आणि यूपीएसची बॅटरी फुगलेली. बॅटरी गेली त्या दिवसापासून खोलीला कुलूप होतं, कारण बॅटरी कोणी बदलायची आणि पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. ती खोली बघून चर्चा टॅबवरून आपोआप बॅटरीवर आली.

मग फळ्यावर हिशोब केला. वर्गणीतून चार मशीन घ्यायची, एकावर दोघं, म्हणजे एका वेळी आठ पोरं. 34 पोरांना आठवड्याला दोन-दोन तास द्यायचे तर पाच गट, गटाला दोन तास, एकूण दहा तास. सोमवार ते शुक्रवार रोज दोन तास, एक शाळेआधी आणि एक शाळा सुटल्यावर, बाईंच्या तासाला हात न लावता. गावातली बारावी झालेली एक मुलगी रोज तेवढा वेळ बसायला तयार आहे, तिला मानधन द्यायचं. उरलेल्या वर्गणीतून इन्व्हर्टर, आणि बँकेत वेगळी ठेव फक्त दुरुस्तीसाठी. एका काकांनी विचारलं, मग फोटोत पोरांच्या हातात काय दिसणार? त्यावर सर म्हणाले, फोटो पुढच्या जत्रेला काढू, आधी वजाबाकीची चाचणी घेतो. जूनमध्ये शाळा उघडल्या उघडल्या 34 पोरांची चाचणी झाली, त्याचे पेपर सरांच्या कपाटात ठेवलेत. पुढच्या चैत्रात तोच पेपर पुन्हा द्यायचा आहे.