मोटारीचा क्लच लिफ्टशिवाय घरी बदलणे

गाडी उचलायची लिफ्ट किंवा गॅरेजातला खड्डा नसताना, जॅक आणि स्टँड यांच्या आधाराने गाडी वर घेऊन गिअरबॉक्स उतरवणे, क्लच प्लेट (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी अस्तराची चकती), प्रेशर प्लेट (तिला स्प्रिंगने दाबून धरणारा भाग) व रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारे बेअरिंग) बदलणे आणि गिअरबॉक्स पुन्हा चढवणे असे या कामाचे स्वरूप आहे. बदलायचे भाग तीनच असतात. कष्ट आणि धोका असतो तो त्यांच्यापर्यंत पोचण्यात. मारुती ८०० (१९८३–२०१४), अल्टो, वॅगनआर यांसारख्या आडव्या इंजिनाच्या, पुढची चाके ओढणाऱ्या आणि केबलने चालणारा क्लच असलेल्या लहान गाड्या या कामाला सर्वांत सोयीच्या असल्याने पुढील वर्णन मुख्यतः त्यांना धरून आहे. दोन माणसे, समतल जागा आणि पूर्ण शनिवार-रविवार एवढी तयारी असल्याशिवाय कामाला हात घालू नये.

आधी निदान. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, घाटात जळका वास येतो, पेडल जवळजवळ पूर्ण सोडल्यावर गाडी उचल खाते, ही प्लेट घसरत असल्याची लक्षणे आहेत. खात्रीसाठी हँडब्रेक ओढून, समोर कोणी नसताना, तिसऱ्या गिअरमध्ये पेडल सावकाश सोडतात. क्लच ठीक असेल तर इंजिन लगेच बंद पडते. चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे. मात्र केबल जास्त ताणलेली असली तरीही हेच घडते, म्हणून पहिल्यांदा केबलचा ढील, म्हणजे पेडलची सुरुवातीची मोकळी हालचाल, तपासावा. पेडल दाबल्यावर घरघर वाढत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर जातो. उलट पेडल सोडलेले असताना आवाज येऊन दाबल्यावर थांबत असेल तर तो बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लच प्लेटमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा असतो, आणि नवा क्लच टाकून तो जात नाही.

सामान. तिन्ही भागांचा संच एकदमच घ्यावा. जुन्या प्रेशर प्लेटवर नवी क्लच प्लेट बसवण्याची काटकसर महाग पडते, कारण थकलेल्या स्प्रिंगमुळे सगळे पुन्हा उतरवावे लागते. त्याच खरेदीत एक्सलची (गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांची) दोन ऑइल सील, इनपुट शाफ्टचे सील, क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे सील, असल्यास पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचे टोक धरणारे) आणि नवी केबलही घ्यावी. गिअर ऑइल लहान गाड्यांना साधारण २ ते २.५ लिटर लागते. ग्रेड गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. हत्यारांत गोटी पान्यांचा संच, लांब दांडा, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने बोल्ट आवळणारा पाना), दोन जॅक, किमान दोन जॅक स्टँड, पहार आणि प्लेट मध्यावर धरणारी सेंटरिंगची दांडी एवढे हवेच.

गाडी उचलणे. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग घालू नये. हायड्रॉलिक जॅकचे सील गळले की गाडी काही सेकंदांत खाली येते, आणि गाडीबरोबर मिळणारा कात्रीजॅक तर फक्त चाक बदलण्यापुरता असतो. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक आधार म्हणून कधीही वापरू नयेत. ते इशारा न देता फुटतात. जागा काँक्रीटची हवी. सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये असतात तसे पेव्हर ब्लॉक ओझ्याखाली खचतात. तिथे स्टँडखाली जाड प्लायचा मोठा तुकडा टाकावा. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. तरी त्या चाकांच्या पुढे-मागे पाचरा लावाव्यात. स्टँड पत्र्याखाली न लावता कंपनीने दाखवलेल्या जागी किंवा चेसिसच्या मजबूत भागाखाली लावतात. गिअरबॉक्सचे तोंड साधारण ३५ सें.मी. उंच असते, त्यामुळे तो बाजूने ओढून काढण्याइतकी, म्हणजे ४० ते ४५ सें.मी. मोकळी उंची ठेवावी लागते. स्टँड निसटला तर आधार म्हणून काढलेली चाके गाडीखाली आडवी ठेवावीत. शेवटी खाली जाण्यापूर्वी गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहतात. स्टँड जरासुद्धा सरकला तर पुन्हा पहिल्यापासून बसवायचा.

उतरवणे. एक्सल हबमधून (चाक ज्यावर बसते त्या भागातून) काढायचा असेल तर त्याचा नट गाडी चाकांवर उभी असतानाच सैल करावा. तो बहुधा १५० ते २०० न्यूटन-मीटरला घट्ट केलेला असतो, आणि स्टँडवरच्या गाडीवर एवढा जोर लावणे धोक्याचे असते. बऱ्याचदा हब खोलायची गरज पडत नाही. खालचा बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा गोळ्याचा सांधा) सोडवून नकल (हब धरणारा भाग) बाहेर ओढला की एक्सलचे आतले टोक पहारेने गिअरबॉक्समधून सुटते.

बॅटरीची ऋण तार सर्वांत आधी काढतात. गिअर ऑइल सोडण्यापूर्वी भरण्याचे बूच सैल होते का ते पाहावे. ऑइल सोडले आणि वरचे बूच गंजून अडकलेले निघाले तर गाडी हलवताही येत नाही. त्यानंतर एअर फिल्टर, क्लच केबल, स्पीडोमीटरची तार, रिव्हर्स स्विच, अर्थिंगची पट्टी, गिअरची सळई आणि सेल्फ (स्टार्टर मोटर) काढतात. बेल हाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या घंटेसारख्या तोंडाचे, बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर आकृती काढून ते त्या त्या जागी खोचून ठेवले की परत बसवताना घोळ होत नाही.

गिअरबॉक्सकडचे फाउंडेशन (इंजिन-गिअरबॉक्स गाडीला धरणारा रबरी आधार) सुटले की इंजिन झुकते. त्याला आधार म्हणून ऑइल चेंबरखाली सरळ जॅक लावला तर पत्रा दबतो आणि आतल्या ऑइल पंपाची जाळी अडू शकते, म्हणून मध्ये रुंद लाकडी ठोकळा हवा. त्याहून चांगली सोय म्हणजे बॉनेटखालच्या दोन्ही बाजूंच्या मजबूत कडांवर जाड लोखंडी पाइप आडवा टाकून साखळीने इंजिन टांगणे. यात गाडीखालची जागा मोकळी राहते.

लहान गाडीचा गिअरबॉक्सही साधारण २५ ते ३० किलो भरतो. शेवटचे दोन बोल्ट समोरासमोरचे ठेवावेत आणि ते काढताना खालून जॅकचा आधार असावा. गिअरबॉक्स सरळ रेषेत इंजिनापासून दूर सरकवायचा असतो. अर्धवट निघालेला गिअरबॉक्स शाफ्टवर लटकू दिला तर प्लेटचा मधला हब वाकतो, शाफ्टचे सीलही जाते.

तपासणी. उघडल्यावर दिसणारी धूळ हवेने उडवू नये. जुन्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावी. प्लेट तेलकट निघाली तर तेल कुठून आले ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. गंधकासारखा उग्र वास म्हणजे गिअर ऑइल, अर्थात इनपुट शाफ्टचे सील. काळसर इंजिन ऑइल असेल तर क्रँकचे मागचे सील. फ्लायव्हीलवर (क्रँकवर बसवलेल्या, क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या जड चकतीवर) नुसती चकाकी असेल तर एमरी पेपर पुरतो. निळे डाग, केसासारख्या भेगा किंवा नखाला लागणाऱ्या चऱ्या असतील तर तो काढून लेथवर फेसिंग (पृष्ठभाग सपाट) करून घ्यावा, भेग खोल असल्यास बदलावा. हे टाळले तर नव्या क्लचलाही पहिल्या दिवसापासून थरथर येते.

बसवणे. क्लच प्लेटची बाजू उलटी होणे ही नवख्यांकडून होणारी सर्वांत महाग चूक आहे. सहसा स्प्रिंगचा उंचवटा असलेली बाजू गिअरबॉक्सकडे येते. प्लेटवर तसे छापलेलेही असते. उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टना घासतो आणि क्लच सुटतच नाही. नव्या प्रेशर प्लेटवरचा गंजरोधक थर ब्रेक क्लीनरने पुसून काढतात. शाफ्टच्या खाचांना तांदळाच्या दाण्याएवढेच ग्रीस चोळून जास्तीचे पुसावे, नाहीतर फिरताना ते उडून अस्तरावर जाते.

सेंटरिंगची दांडी घालून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, प्रत्येकी एकेक फेरा देत आवळतात. एकाच बाजूने आवळल्यास कव्हर कायमचे वाकते. ८ मिमीच्या बोल्टना साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर जोर असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतला धरावा.

गिअरबॉक्स चढवताना दोन लांब बोल्टांची डोकी कापून केलेल्या मार्गदर्शक सळया फार उपयोगी पडतात. इंजिनाच्या भोकांत त्या फिरवून बसवल्या की गिअरबॉक्सचे वजन त्यांच्यावर सरकते आणि तोंड सरळ राहते. खाचा जुळत नसतील तर इंजिनाच्या पुलीला पाना लावून क्रँक किंचित फिरवावा. शेवटचे ५ ते १० मिमी अंतर मिटत नसेल तर प्लेट मध्यावर नाही, डॉवेल पिन (दोन्ही भाग अचूक जुळवणारी खुंटी) वाकडी आहे किंवा मध्ये एखादी तार अडकली आहे. अशा वेळी बोल्ट आवळून ओढून घेण्याचा मोह टाळावा, कारण अ‍ॅल्युमिनियमचे कान तडकतात.

एक्सल घालताना नव्या सीलच्या ओठाला दाते लागू देऊ नयेत. आतले लॉक बसल्याचा टक् आवाज आला पाहिजे. ऑइल भरताना मात्र पुढून उचललेल्या गाडीत पातळी चुकीची दिसते. गाडी समतल असतानाच भोकाच्या कडेपर्यंत भरावे. पेडलचा मोकळा ढील साधारण १५ ते २५ मिमी ठेवतात.

अपवाद. बोलेरोसारख्या मागची चाके ढकलणाऱ्या गाडीत प्रॉपेलर शाफ्ट आधी काढावा लागतो आणि गिअरबॉक्स बराच जड असतो. ट्रान्समिशन जॅकशिवाय ते काम जमिनीवर करू नये. हायड्रॉलिक क्लच असेल तर गिअरबॉक्स उतरलेला असताना पेडल दाबू नये, पिस्टन बाहेर पडतो. शेवटी हवा काढावी लागते. एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप चालणाऱ्या, गाड्यांत नव्या क्लचची नोंद स्कॅनरने करावी लागते, त्यामुळे घरी काम पुरे होत नाही. ड्युअल मास (स्प्रिंगने जोडलेल्या दोन भागांचा) फ्लायव्हील असलेल्या डिझेल गाड्यांत फ्लायव्हीलचे फेसिंग सहसा करत नाहीत, तो बदलतातच.

नंतर. पहिली चाचणी गाडी स्टँडवर असताना, इंजिन बंद ठेवून सर्व गिअर पडतात का याची. जमिनीवर आल्यावर रिव्हर्स टाकताना दाते करकरले तर क्लच पूर्ण सुटत नाही. केबल आधी, मग प्लेटची बाजू तपासावी. पहिले ३०० ते ५०० किलोमीटर चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरणे आणि जड ओझे टाळतात. त्या काळात केबल थोडी बसते, म्हणून ढील पुन्हा एकदा मोजून जुळवावा आणि एक्सलच्या सीलांपाशी ओल दिसते का तेही पाहून घ्यावे.