ध्रुव उलटण्याआधीची काही हजार वर्षं

१९७५ साली रिचर्ड ब्लेकमोर या तरुण सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या दलदलीतला गाळ तो सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. त्यातले काही जिवाणू सारखे थेंबाच्या एकाच कडेला जाऊन गोळा होत होते. उजेडाकडे धावत असतील असं वाटून त्यानं सूक्ष्मदर्शक फिरवून पाहिला, झाकून पाहिला. दिशा बदलेना. शेवटी थेंबाजवळ लोहचुंबक आणलं, आणि अख्खा घोळका वळला.

या जिवाणूंच्या पोटात मॅग्नेटाइट या चुंबकी लोहखनिजाच्या अतिसूक्ष्म स्फटिकांची माळ असते. ती त्यांची होकायंत्राची सुई. पण त्यांना उत्तरेशी काही देणंघेणं नाही. त्यांना हवी असते खालची दिशा. उत्तर गोलार्धात चुंबकीय रेषा उत्तरेकडे जाता जाता तिरप्या होऊन जमिनीत शिरतात, म्हणून उत्तरेचा माग धरला की जीव आपोआप गाळात, कमी ऑक्सिजनच्या थरात पोचतो. दक्षिण गोलार्धातले त्यांचे भाऊबंद बहुतांशी दक्षिणेकडे पोहतात, तेही याच कारणासाठी.

पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटले, म्हणजे उत्तर-दक्षिणेची अदलाबदल झाली, तर हे जिवाणू खाली जाण्याऐवजी वर, ऑक्सिजनच्या तडाख्यात जातील. प्रयोगशाळेत हे करून पाहिलं आहे. उलट्या क्षेत्रात ठेवलेल्या गाळात काही आठवड्यांत बहुतेक जिवाणूंची सुई नव्या दिशेला लागलेली दिसली. जिवाणू दुभंगताना माळही वाटली जाते, आणि एखाद्या पिल्लाच्या वाट्याला उलट्या दिशेची सुई येते. असे थोडे उलटे जिवाणू घोळक्यात नेहमीच असतात. एरवी ते मरतात, क्षेत्र उलटलं की तेच तगतात. जिवाणूंना आठवडे पुरले. पृथ्वी मात्र हे काम हजारो वर्षांत करते, आणि ध्रुव बदलण्याबद्दलची बहुतेक भीती या फरकाकडे दुर्लक्ष केल्यामुळे येते.

आपल्या पायाखाली सुमारे २,९०० किलोमीटरवर बाह्य गाभा सुरू होतो. तिथे वितळलेलं लोखंड आणि निकेल सतत घुसळलं जातं, त्यातून विजेचे प्रवाह वाहतात आणि त्या प्रवाहांतून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जन्मतं. हा द्रव धातू कुणाच्या तालावर फिरत नाही. मधूनच त्याच्यात गोंधळ माजतो, क्षेत्र क्षीण होतं, कधी पुन्हा सावरतं आणि कधी उलट्या दिशेनं उभं राहतं. १९०६ साली बर्नार्ड ब्र्यून यांना फ्रान्समधल्या जुन्या लाव्ह्यात आणि त्याखाली भाजून निघालेल्या मातीत उलटं चुंबकत्व सापडलं. लाव्हा थंड होताना त्यातली चुंबकी खनिजं त्या काळच्या क्षेत्राच्या दिशेला लागतात आणि तशीच गोठून राहतात. दगडाची ही स्मृती सहसा पुसत नाही. १९२९ मध्ये जपानचे मोतोनोरी मातुयामा यांनी दाखवलं की हा पालट एका विशिष्ट काळात झाला होता. शेवटचा पूर्ण पालट सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीचा, आणि त्याला या दोघांचंच नाव आहे. गेल्या ८ कोटी ३० लाख वर्षांत असे सुमारे १८० पालट झाले. त्याच्याही मागे जवळपास ४ कोटी वर्षांचा असा काळ आहे, ज्यात क्षेत्र जवळजवळ उलटलंच नाही. म्हणजे ‘आता वेळ झालीच आहे’ म्हणावं असं इथे कुठलंही वेळापत्रक नाही.

त्या शेवटच्या पालटातल्या लाव्ह्याच्या थरांचा २०१९ साली अभ्यास झाला. प्रत्यक्ष पालटायला सुमारे ४ हजार वर्षं लागली, आणि आधीची अस्थिरता धरली तर सगळा खेळ सुमारे २२ हजार वर्षांचा. या काळात क्षेत्र पुरतं नाहीसं होत नाही. ते अशक्त होतं, आणि एका उत्तर-दक्षिणेऐवजी पृथ्वीभर अनेक छोटे ध्रुव उगवतात आणि मावळतात. जीवसृष्टीला जो काही त्रास व्हायचा तो या मधल्या काळात. एकदा क्षेत्र उलट्या दिशेनं भक्कम उभं राहिलं की बहुतेकांना फरकही कळणार नाही.

‘चुंबकीय क्षेत्राचं कवच गेलं की अवकाशातून येणारी वैश्विक किरणं सगळ्यांना भाजून काढतील’ ही भीती खरी ठरत नाही, कारण कवच एकच नाही. आपल्या डोक्यावरच्या हवेचा भार दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो आहे. १० मीटर खोल पाण्याखाली राहण्याइतकं ते संरक्षण आहे. क्षेत्र नसलं की ही हवा उडूनच जाते असंही नाही: शुक्राला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र जवळजवळ नाहीच, तरी त्याचं वातावरण आपल्यापेक्षा कितीतरी दाट आहे. पालटाच्या काळात जमिनीवर किरणोत्सार थोडा वाढेल, वरच्या हवेतल्या रासायनिक बदलांनी ओझोन काही प्रमाणात घटेल आणि अतिनील किरणं वाढतील. हे परिणाम खरे आहेत. पण जीवाश्मांच्या नोंदीत एकाच काळात असंख्य प्रजाती नष्ट झाल्याचे प्रसंग आणि ध्रुवपालट यांची सांगड बसत नाही. शेवटच्या पालटाच्या वेळी होमो इरेक्टस मानव पृथ्वीवर होता आणि पुढेही लाखो वर्षं राहिला.

या बाबतीतला सगळ्यात चर्चेतला पुरावा सुमारे ४१ हजार वर्षांपूर्वीच्या लाशां घटनेचा आहे. फ्रान्समधल्या लाशां गावाजवळच्या लाव्ह्यावरून तिला हे नाव पडलं. तेव्हा क्षेत्र काही शतकं उलटलं आणि परत जागेवर आलं. मधे एका टप्प्यावर त्याची ताकद आजच्या जेमतेम काही टक्क्यांवर आली होती. ध्रुवीय बर्फात त्या काळच्या थरांत बेरिलियम-१० वाढलेलं दिसतं. वैश्विक किरणं वातावरणात जास्त घुसल्याची ती पावती. न्यूझीलंडमध्ये गाळात दबलेल्या प्राचीन कौरी वृक्षांच्या वाढीच्या वलयांत रेडिओकार्बनची तशीच खूण मिळाली. २०२१ साली काही शास्त्रज्ञांनी या घटनेचा संबंध हवामानातल्या उलथापालथीशी आणि मोठ्या प्राण्यांच्या नष्ट होण्याशी जोडला. त्यावर लगेच आक्षेप आले, आणि मला ते पटतात: प्राणी वेगवेगळ्या खंडांवर वेगवेगळ्या काळात नाहीसे झाले, एका तारखेला नाही.

खरी नाजूक आहे ती माणसानं गेल्या दीडशे-दोनशे वर्षांत उभारलेली यंत्रणा. मार्च १९८९ मध्ये सौर वादळानं कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातली वीज सुमारे ९ तास घालवली. ६० लाख लोक अंधारात होते. तेव्हा आपलं क्षेत्र शाबूत होतं. क्षेत्र अशक्त असताना असं वादळ आलं तर उपग्रह आणि विजेच्या लांब पल्ल्याच्या तारा यांना फार मोठा दणका बसेल. दक्षिण अटलांटिकवर क्षेत्र आजच कमजोर आहे, आणि हबल दुर्बीण त्या पट्ट्यातून जाताना निरीक्षणं थांबवते.

आता वाटसरू प्राण्यांकडे येऊ. युरोपियन रॉबिन पक्षी स्थलांतर करताना चुंबकीय क्षेत्र वापरतो, पण त्याला उत्तर आणि दक्षिण वेगळी ओळखता येत नाही. जर्मनीतल्या प्रयोगांत दिसलं की तो रेषांचा तिरपेपणा पाहतो: कुठल्या बाजूला रेषा जमिनीकडे झुकते, तिकडे ध्रुव. क्षेत्र पुरतं उलटलं तरी हा तिरपेपणा तसाच राहतो, म्हणून रॉबिनचं बिघडणार नाही. रेषा वेड्यावाकड्या झाल्या तर मात्र त्याला सूर्य आणि ताऱ्यांवर भिस्त ठेवावी लागेल, आणि तीही विद्या पक्ष्यांकडे आहे.

समुद्री कासवांचं थोडं अवघड आहे. लॉगरहेड कासवाचं पिल्लू जन्मतः किनाऱ्यावरचा चुंबकीय पत्ता लक्षात ठेवतं, म्हणजे तिथल्या क्षेत्राची ताकद आणि तिरपेपणा. मादी मोठी होऊन अंडी घालायला परत येते तेव्हा तो पत्ता शोधत येते, आणि तिला परतायला दोन-तीन दशकं लागतात. तेवढ्या काळात क्षेत्र आजही थोडं सरकतं. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या १९ वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा आढळलं की शेजारशेजारचे चुंबकीय पत्ते जिथे एकमेकांजवळ आले, तिथे घरटी दाटीनं झाली. जिथे ते फाकले, तिथे विरळ. ध्रुवपालटाच्या काळात हे सरकणं वाढेल, आणि माद्या आजच्यासारख्याच जुळणारा पत्ता शोधत वाळूवर चढतील. ती वाळू कधी जन्मभूमीपासून पुष्कळ दूरची असेल, कधी तिथे अंडी टिकणार नाहीत, आणि कधी तोच त्यांच्या वंशाचा नवा किनारा होईल.