उभ्या गव्हात वासरं

नोव्हेंबरच्या अखेरीस अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्यागार गव्हात वासरं चरताना दिसतात. आपल्याकडे कुणी हे पाहिलं तर आधी शेतमालकाच्या नावाने ओरडेल. तिथे मात्र मालकानेच ती आत सोडलेली असतात, भोवती विजेची तार ओढून. मार्चच्या सुमारास ती बाहेर काढायची आणि जूनमध्ये त्याच शेतातून गव्हाचं पीक घ्यायचं, असा हा दुहेरी हिशोब. ओक्लाहोमा, दक्षिण कॅन्सस आणि टेक्सासच्या उत्तर भागात तो रुळलेला आहे.

हिशोब सुरू होतो तो कुरण वाळण्यापासून. तिथली कुरणं बहुतेक उन्हाळी गवतांची. आपली हरळीही त्यांतलीच. या गवतांच्या पानांत कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करून मग पुढे ढकलणारी जादा यंत्रणा असते. उकाड्यात ती फायद्याची, पण गारठा वाढला की मंदावते, आणि दव गोठू लागलं की गवत पिवळं पडतं. गहू, ओट, राय या पिकांत ही यंत्रणा नसते. तापमान पाच-सहा अंशांवर आलं तरी ती थोडीफार वाढत राहतात. शिवाय कोवळ्या गव्हाच्या पानात कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त प्रथिनं असतात. गवताच्या गठड्या विकत घेऊन एवढं पोषण द्यायचं म्हटलं तर परवडणार नाही.

पण खाल्लेला गहू पुन्हा वाढतो कसा? फुटव्यांच्या अवस्थेत गव्हाला खरं खोड नसतंच. वर दिसतात ती एकात एक गुंडाळलेली पानं. ज्या कोंबातून पुढे ओंबी येणार, तो जमिनीखाली दोन-तीन सेंटिमीटरवर सुरक्षित असतो. पानही बुडाकडून वाढतं, त्यामुळे वासराने शेंडा तोडला तरी ते खालून पुन्हा सरकत वर येतं. अट एकच: मुकुटमुळे, म्हणजे रोपाच्या बुडातून नंतर फुटणारी मुळं, पक्की झालेली हवीत, नाहीतर जीभ गुंडाळून ओढताना अख्खं रोपच उपटून येतं. म्हणून शेतात जनावर सोडण्याआधी शेतकरी स्वतः मूठभर पानं हिसडून बघतात.

हा कोंब महिनोन्‌महिने खाली बसून राहतो, कारण हिवाळी गव्हाला शून्य ते दहा अंशांतले काही आठवडे मिळाल्याशिवाय तो ओंबीच्या तयारीला लागत नाही. थंडीने व्हीआरएन-१ नावाचं जनुक हळूहळू जागं होतं. मग दिवस मोठा होऊ लागला की कोंब वर चढायला लागतो आणि त्याच्याखाली पोकळ खोड तयार होतं. १८७४ मध्ये क्रिमियाकडून आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांनी कॅन्ससमध्ये 'टर्की' नावाचा असा हिवाळी गहू आणला आणि या पट्ट्याची शेतीच पालटली.

सगळा डाव अडतो तो या पोकळ खोडाच्या पहिल्या दीड सेंटिमीटरवर. फेब्रुवारीच्या मध्यापासून शेतकरी कुंपणाबाहेरची, न चरलेली दहा-बारा ताटं उपटतात, धारदार पात्याने उभी चिरतात आणि मुळाच्या गड्ड्यापासून इवल्या ओंबीपर्यंतची पोकळी पट्टीने मोजतात. चरलेली ताटं मोजून चालत नाही. ती मागे पडलेली असतात आणि खोटा दिलासा देतात. पोकळी दीड सेंटिमीटर भरली की जनावरं बाहेर. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसामागे धान्य १ ते ५ टक्के घटतं, कारण आता तोंडात पानाबरोबर ओंबीही जाते. तरी मोह सुटत नाही. वासरं दिवसाला किलोभर वजन धरत असतात, आणि भाड्याचं शेत असेल तर बरेचदा भाडंही वाढलेल्या वजनावरच ठरलेलं असतं! गव्हाचा भाव पडलेला असला की काहीजण सरळ मेपर्यंत चारतात आणि धान्यावर पाणी सोडतात.

पोटफुगीचा धोका वेगळाच. लुसलुशीत पाल्यातली विरघळणारी प्रथिनं पोटात दाट फेस करतात, वायू त्यात अडकतो आणि जनावराला ढेकर देता येत नाही. काही तासांत ते दगावू शकतं. त्यावर पोलॉक्झालीन हे फेस मोडणारं औषध देतात. कोवळी लसूणघास नुसती खाल्ली की आपल्याकडेही हेच होतं. म्हणून ती कडब्याच्या कुट्टीत मिसळून द्यायची.

हीच चराई अहिल्यानगर किंवा निफाडच्या गव्हात करायची म्हटली तर फसेल. आपल्या गव्हाला थंडीची ती अट नाही. नोव्हेंबरात पेरला की १८ ते २१ दिवसांत मुकुटमुळे फुटतात आणि ४०-४५ दिवसांत पीक कांडी धरतं. मुळं घट्ट होऊन जनावर सोडावं, तोवर कोंब वर निघालेला असतो. त्यातून पाणी दिलेल्या भारी काळ्या जमिनीत खुरांनी होणारा चिखल निराळाच. म्हणून आपल्याकडे रब्बीचा हिरवा चारा कापून दावणीला आणतात. ओट ५० ते ५५ दिवसांनी कापावा, तोही जमिनीपासून ८-१० सेंटिमीटर बुडखा ठेवून. तेवढा राखला तर खालचे कोंब वाचतात, आणि पाण्यासोबत थोडं नत्र दिलं की दुसरी कापणीही मिळते.